नळीतला चुना आणि भिंतीतला चुना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील, ज्यांना घरी सगळे नाना म्हणतात, 58 वर्षांचे आहेत, यावल तालुक्यात त्यांची केळीची शेती आहे, 20 वर्षांपासून मधुमेह आहे आणि 4 वर्षांपासून ते आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिसला येतात. कंबर दुखते म्हणून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणक्यासमोरून जाणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचल्याचे दिसले. त्यावर एकाने दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, दुसऱ्याने कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायला सांगितली, तिसऱ्याने अँजिओग्राफी सुचवली, तर गावातल्या एका जाणत्याने मुतखड्यावर देतात तो पानफुटीचा रस आणून दिला. आणि नानांनी स्वतः विचारले आहे, की ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या की आपण त्यांत ॲसिड सोडून धुऊन काढतो, तसे काही शरीरात करता येत नाही का?

या सगळ्यांत नानांचा प्रश्न मला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्याचे नीट उत्तर दिले की बाकीच्या चारही सल्ल्यांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हाच प्रश्न अहिराणीतून नेहमी येतो, ‘डाक्टर, नयीमा चुना बशी गया का?’, म्हणजे नळीत चुना, अर्थात कॅल्शियम, बसला का, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा ठिबकची नळी किंवा पाणी तापवण्याचा बंब असतो.

ठिबकच्या नळीतला चुना बोअरच्या जड पाण्यातून येतो, नळीच्या आतल्या पोकळीत आणि ड्रिपरच्या तोंडाशी बसतो, आणि नळी स्वतः मात्र जशीच्या तशी राहते. म्हणून ॲसिडने तो विरघळतो. धमनीतला चुना पोकळीत बसलेला नसतो. तो भिंतीच्या आत, भिंतीचाच भाग होऊन राहिलेला असतो, आणि मुख्य म्हणजे तो पाण्यातून नुसता खाली बसलेला गाळ नसून भिंतीतल्या जिवंत पेशींनी रचलेला असतो. तो विरघळवण्याइतके आम्ल रक्तात सोडले तर नळीच्या आधी माणूस जाईल. यात एक विचित्र योगायोगही आहे. ठिबक धुण्यासाठी तुमच्याकडे जी ॲसिडे वापरतात त्यांत फॉस्फरिक ॲसिड असते, आणि नानांच्या धमन्यांत चुना धरण्याला सर्वांत मोठा हातभार लावणारा पदार्थ नेमका फॉस्फरसच आहे.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतले गुळगुळीत अस्तर, मधला स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा जाड थर, आणि बाहेरचे आवरण. कॅल्शियम दोन वेगवेगळ्या ठिकाणी साचते आणि ते दोन वेगळे आजार आहेत, जरी मूत्रपिंडाच्या रुग्णात ते बहुधा एकत्रच सापडतात. पहिला प्रकार अस्तराखालचा. तिथे कोलेस्टेरॉल शिरते, दाह होतो, चरबीची गाठ तयार होते आणि त्या गाठीतच पुढे चुना धरतो. यालाच आपण सर्वसाधारणपणे नस ब्लॉक होणे म्हणतो. ही गाठ नळी आतून अरुंद करते, आणि फुटली तर तिच्यावर रक्त गोठून हार्ट अटॅक येतो. दुसरा प्रकार मधल्या थरातला, ज्याचे वर्णन मॉन्केबर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1903 साली केले. त्यात नळी अरुंद होतेच असे नाही, पण ती कडक होते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार एकत्र असलेल्या माणसाच्या पावलाचा एक्स-रे पाहिला तर बोटांकडे जाणाऱ्या बारीक धमन्या दोन समांतर पांढऱ्या रेषांसारख्या दिसतात. त्याला रेल्वेच्या रुळांची उपमा देतात, आणि भुसावळकडच्या रुग्णांना ती वेगळी समजवावी लागत नाही.

हा कडकपणा हाताला कसा लागतो तेही सांगतो. डायलिसिससाठी मनगटावर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची जोडणी, करण्यापूर्वी आम्ही तिथली धमनी बोटांनी चाचपतो. निरोगी माणसाची धमनी दाबली की चपटी होते आणि बोटाखालून नाहीशी होते. अशा रुग्णाची धमनी दाबूनही गोलच राहते, बोटाखाली गाठी गाठींच्या सुतळीसारखी सरकते. शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्यात टाक्याची सुई घालताना कधी कधी अंड्याचे कवच तडकावे तसा बारीक कुरकुर आवाज येतो आणि सुईचे टोक वाकते. तो आवाज एकदा ऐकला, की नळीत चुना बसला आहे असे म्हणणे किती अपुरे आहे ते कळते.

आता हे घडते कसे? मधल्या थरातली स्नायुपेशी रक्तात फॉस्फेट (रक्तात फॉस्फरस याच रूपात असतो) वाढले की ते आत ओढून घेते, आणि आत साचलेल्या फॉस्फेटमुळे तिचे वागणेच बदलू लागते. आकुंचन-प्रसरणासाठी लागणारी प्रथिने बनवणे ती कमी करते आणि हाडातल्या पेशींत चालू असणारी जनुके तिच्यात चालू होतात. त्यांतील प्रमुख जनुकाला रन्क्स-2 म्हणतात. मग ती हाडासारखे जाळे विणते, आणि त्या जाळ्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचे तेच स्फटिक जमतात जे दातांत आणि हाडांत असतात. थोडक्यात, भिंतीतला स्नायू हाड व्हायला निघालेला असतो. एरवी प्रत्येकाच्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की ते कुठेही जमायला हरकत नसावी. ते जमत नाही, कारण शरीर पहारेकरी ठेवते. फेट्युइन-ए, पायरोफॉस्फेट आणि व्हिटॅमिन के असेल तरच काम करणारे मॅट्रिक्स ग्ला प्रथिन हे त्यांतले मुख्य. मूत्रपिंडाच्या विकारात आणि डायलिसिसवर हे पहारेकरी कमी पडतात. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाला ते देताना आम्ही दोनदा विचार करतो.

मूत्रपिंडाचे काम कमी होऊ लागते तेव्हा फॉस्फरस लगेच वाढलेला दिसत नाही. हाडांतून एफजीएफ-23 नावाचा संप्रेरक जास्त प्रमाणात सुटू लागतो आणि उरलेल्या मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकायला लावतो. त्याच्या जोडीला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा पीटीएच हा संप्रेरक वाढतो, आणि सक्रिय व्हिटॅमिन डी घटते. म्हणजे तपासणीच्या कागदावर फॉस्फरस नॉर्मल असतो, पण तो नॉर्मल ठेवण्यासाठी शरीर कित्येक वर्षे जास्तीची किंमत मोजत असते. मूत्रपिंडाची क्षमता 30 टक्क्यांच्या खाली गेली की ही ओढाताण बहुतेकांची संपते आणि आकडा वर चढू लागतो. नानांच्या महाधमनीत आज दिसलेला चुना या 4 वर्षांतला नाही. तो बहुधा डायलिसिस सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून धरत आला आहे. त्यामुळे डायलिसिसने नळ्या खराब केल्या, असा ग्रह घरात कोणी करून घेतला असेल तर तो आधी दूर करावा.

तुम्ही विचारले आहे, की हाडे ठिसूळ झाली म्हणून कॅल्शियम देतात आणि त्याच माणसाच्या नळ्यांत कॅल्शियम जास्त कसे? शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत असते, आणि निरोगी हाड हे रोज थोडे घेणारे, थोडे देणारे खाते आहे. पीटीएच फार वाढला तर हाड देतच सुटते. पीटीएच फार दाबला गेला तर हाड झोपी जाते आणि घेणेच बंद करते. दोन्ही वेळा रक्तातल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसला हाडात जागा मिळत नाही, आणि ते जिथे मिळेल तिथे जागा शोधतात. म्हणून एकाच माणसात हाडे पोकळ आणि धमन्या टणक हे चित्र नेहमीचे आहे. झोपलेल्या हाडाच्या माणसाला वरून कॅल्शियम देणे म्हणजे गोदाम बंद असताना दारात पोती उतरवत राहणे.

हे केवळ म्हातारपणी होते असेही नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात लहानपणापासून किंवा तरुणपणी मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या हृदयाच्या धमन्यांचे स्कॅन केले होते. 20 वर्षांखालच्या 23 जणांत एकाच्याही धमनीत कॅल्शियम नव्हते, पण 20 ते 30 वर्षांच्या 16 जणांपैकी 14 जणांत ते होते. त्या वयात ते सापडणे हा आम्हा सगळ्यांना धक्का होता, आणि ज्यांच्यात ते सापडले त्यांच्या पोटात कॅल्शियमयुक्त गोळ्या इतरांपेक्षा जास्त जात होत्या, हा दुसरा धक्का. मी स्वतः प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत फॉस्फरस धरून ठेवायला प्रत्येकाला कॅल्शियम कार्बोनेटच्या मुठी भरून गोळ्या देत असे, कारण त्या स्वस्त होत्या आणि दुसरे औषध परवडत नसे. आज ते प्रिस्क्रिप्शन मी तसे लिहिणार नाही.

कडक नळीने नेमके काय बिघडते? हृदय आकुंचन पावते तेव्हा महाधमनी थोडी फुगून रक्त सामावून घेते आणि हृदय विसावते तेव्हा आवळून ते पुढे ढकलते. याच विसाव्याच्या काळात हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मिळते. महाधमनी कडक झाली की रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. तुम्ही पाठवलेल्या डायलिसिसच्या चार्टवर नानांचे प्रेशर 186/62 आहे. 62 चांगले आहे असे नानांना वाटले, पण या दोन आकड्यांतले अंतर हीच त्यांच्या एक्स-रेची दुसरी प्रत आहे. एवढ्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो आणि त्याच वेळी त्याला मिळणारे रक्त घटते. म्हणूनच डायलिसिसवरच्या माणसाचा मृत्यू पुष्कळदा गाठ फुटून आलेल्या नमुनेदार हार्ट अटॅकने होत नाही, तर हृदयाची लय अचानक बिघडल्याने किंवा हृदय थकल्याने होतो. हा फरक कोलेस्टेरॉलच्या गोळीकडे येताना लक्षात ठेवा.

आता तुमच्या कागदांकडे वळतो. कॅल्शियम 10.1, फॉस्फरस 6.8 आणि पीटीएच 112. प्रयोगशाळेने पीटीएचची वरची मर्यादा 65 दिली आहे. डायलिसिसवरच्या माणसात पीटीएच त्या मर्यादेच्या साधारण 2 ते 9 पट असणे स्वीकारले जाते, म्हणजे नानांचा तो 130 च्याही खाली, कमीच आहे. त्यांचे हाड झोपाळले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि हाडाची हालचाल दाखवणारी अल्कलाइन फॉस्फटेजची रक्ततपासणीही कमी निघाली तर ती अधिक बळावेल. अशा माणसाला चालू असलेली औषधे पाहा. कॅल्शियम 500 ची गोळी दिवसातून तीन वेळा, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियमच 1500 मिलीग्रॅम. कॅल्सिट्रायॉलची, म्हणजे सक्रिय व्हिटॅमिन डीची, कॅप्सूल रोज. आणि कागदावर नाही पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे, की कंबरेसाठी गावातल्या औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी दर आठवड्याला, गेले 5 महिने. ही तिन्ही आतड्यातून कॅल्शियम आत ढकलणारी औषधे आहेत, आणि सक्रिय व्हिटॅमिन डी फॉस्फरसचे शोषणही वाढवते.

म्हणून कॅल्शियम बंद करा हा सल्ला या माणसाच्या बाबतीत बराचसा बरोबर आहे, मात्र ज्या कारणासाठी तो दिला गेला ते कारण अर्धवट आहे. ती गोळी हाडासाठी नसून जेवणातला फॉस्फरस आतड्यातच पकडून ठेवण्यासाठी दिलेली होती. ती बंद करून तिच्या जागी काहीच न देणे म्हणजे फॉस्फरसला मोकळे रान. 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचाही रोख असाच आहे, की कॅल्शियमयुक्त गोळ्यांची मात्रा मर्यादित ठेवावी, फॉस्फरस नॉर्मलच्या दिशेने खाली आणावा आणि रक्तातले कॅल्शियम वाढू देऊ नये. नानांसाठी सेव्हेलॅमरसारखी, कॅल्शियम नसलेली गोळी हा सरळ पर्याय आहे; ती महाग आहे आणि पोट फुगणे, बद्धकोष्ठ होणे हे तिचे त्रास आहेत. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की या गोळीने धमन्यांतला चुना वाढण्याचा वेग कमी होतो असे काही चाचण्यांत दिसले, पण आयुष्य निश्चित वाढते याचा पुरावा तितका भक्कम नाही. कॅल्सिट्रायॉल आणि पुडी यांबाबत त्यांच्या डायलिसिसच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला, आणि डायलिसिसच्या द्रावणात कॅल्शियम किती आहे तेही विचारा. लिटरला 1.25 ते 1.50 मिलीमोल ही आज सुचवली जाणारी पातळी आहे, पण 1.75 चे द्रावणही बाजारात मिळते. वॉर्डमधल्या तंत्रज्ञाला डब्यावरचे लेबल दाखवायला सांगितले तर त्यात कोणाला राग येण्याचे कारण नाही.

गोळी घेण्याची वेळ हा मुद्दा लहान दिसतो, पण माझ्या अनुभवात निम्मे अपयश इथे आहे. फॉस्फरस पकडणारी कोणतीही गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची असते. नाना ती जेवणानंतर तासाभराने, मधुमेहाच्या आणि प्रेशरच्या गोळ्यांसोबत घेतात असे तुम्ही लिहिले आहे. तोवर भाकरी पुढे गेलेली असते. पकडायला फॉस्फरस उरत नाही आणि गोळीतले कॅल्शियम मात्र रक्तात शिरते. म्हणजे उपयोग गेला आणि अपाय राहिला. शेतात डबा जात असेल तर गोळी भाकरीच्याच फडक्यात बांधून द्या.

हिशेब एकदा मांडून पाहू. साधे जेवणारा माणूस रोज सुमारे 1000 मिलीग्रॅम फॉस्फरस खातो आणि त्यातला साधारण 60 टक्के शोषला जातो असे धरले, तर आठवड्याला 4200 मिलीग्रॅम आत येतो. एका चार तासांच्या डायलिसिसमध्ये अंदाजे 800 मिलीग्रॅम बाहेर पडतो. दोनदा केले तर 1600, तीनदा केले तर 2400. उरलेले गोळीने आणि ताटाने सांभाळायचे असते. त्यामुळे एखादी नवी गोळी सुरू करण्यापेक्षा आठवड्याचे तिसरे डायलिसिस नानांना जास्त देऊन जाईल, आणि प्रेशरचा वरचा आकडाही त्यानेच अधिक उतरेल. यावलहून जळगावची तिसरी फेरी म्हणजे आणखी एक दिवस शेती सुटणे आणि सोबतीला आणखी एक माणूस, हे मला कळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. तिसऱ्या फेरीची परवानगी त्यात कशी बसते ते केंद्रातल्या आरोग्यमित्राला विचारा. तोवर निदान इतके करा, की एसटी गाठण्यासाठी अर्धा तास आधी मशीनवरून उतरायचे नाही. फॉस्फरस पेशींमधून सावकाश बाहेर येतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत वेळेला पर्याय नाही.

दुधाबद्दल. 100 मिलीलिटर दुधात सुमारे 90 ते 100 मिलीग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणून दिवसाला एक लहान कप, चहातले धरून, चालेल, तांब्याभर नको. मात्र फॉस्फरसच्या भीतीने डाळ आणि भाकरी तोडू नका. डायलिसिसवरच्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिन लागते, आणि आमच्याकडे फॉस्फरस जास्त असलेल्या माणसांपेक्षा उपाशी राहून खंगलेली माणसे जास्त दगावतात. दादर ज्वारीची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीचे वरण यांतला फॉस्फरस बराचसा फायटेट या बांधलेल्या रूपात असतो आणि माणसाच्या आतड्याला तो नीट सोडवता येत नाही, त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी आत शिरतो. खरा धोका कारखान्यात घातलेल्या फॉस्फेटचा आहे, जो जवळजवळ पूर्ण शोषला जातो. काळी कोल्ड्रिंक्स, प्रक्रिया केलेले चीज, झटपट नूडल्स, बेकिंग पावडरचे बेकरीचे पदार्थ ही त्याची ठिकाणे. शेवभाजी, पापड आणि बिबड्यांचा दोष निराळा आहे. त्यांत मीठ आणि पापडखार, म्हणजे सोडियम आहे, ते तहान वाढवते, दोन डायलिसिसमध्ये 3-4 किलो पाणी चढवते आणि कडक नळ्यांवरचा दाब आणखी वाढवते. खानदेशी माणसाला शेव सोडायला सांगणे हे डॉक्टरकीतले अप्रिय काम आहे, पण ते मी रोज करतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी पुरावा चांगला स्पष्ट आहे. डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णांत ॲटॉर्व्हास्टॅटिनची 4डी ही चाचणी 2005 साली आणि डायलिसिसवरच्या मधुमेही व इतर रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनची ऑरोरा ही चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. दोन्हींत कोलेस्टेरॉल छान उतरले, पण हृदयविकार आणि मृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही. 2011 च्या शार्प चाचणीत सुमारे 9000 मूत्रपिंड-रुग्ण होते, त्यांपैकी बहुसंख्य अजून डायलिसिसवर गेलेले नव्हते, आणि तिथे सिम्व्हास्टॅटिन व इझेटिमाइब यांनी चरबीच्या गाठींमुळे होणाऱ्या घटना 17 टक्क्यांनी घटल्या. अर्थ उघड आहे. अस्तराखालच्या गाठीवर ही गोळी चालते, मधल्या थराच्या चुन्यावर चालत नाही, आणि डायलिसिसपर्यंत पोचलेल्या माणसात या दुसऱ्या प्रकाराचेच राज्य असते. म्हणून डायलिसिसच्या आधीपासून ती चालू असेल तर ठेवावी, नव्याने केवळ एक्स-रे पाहून सुरू करू नये. नानांना पूर्वी हार्ट अटॅक आला असता तर मी वेगळा विचार केला असता.

अँजिओग्राफीची आज गरज दिसत नाही. छातीत दुखत नाही, बांधावरून चालताना धाप लागत नाही, इको तपासणीत हृदयाची ताकद ठीक आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया-सीकेडी या चाचणीत गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्या आणि हृदयाचा त्रास स्थिर असलेल्या 777 जणांत, आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करण्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. शिवाय चुना धरलेल्या धमनीत स्टेंट नीट उघडत नाही; आधी हिऱ्याचे दात असलेल्या गिरमिटाने ती घासावी लागते किंवा ध्वनिलहरींनी चुना फोडावा लागतो. पण मधुमेही माणसाला छातीत न दुखताही हृदयविकार होतो, हे विसरू नका. नेहमीचे अंतर चालताना दम लागू लागला, रात्री उशी उंच लागू लागली किंवा डायलिसिस चालू असताना प्रेशर वारंवार पडू लागले, तर हाच निर्णय बदलेल.

पानफुटीचा रस ताबडतोब थांबवा. मुतखडा मूत्रमार्गाच्या पोकळीत असतो, हा चुना भिंतीत आहे, आणि ज्याला लघवी जवळजवळ होत नाही त्याच्या शरीरात पाल्याच्या रसातले पोटॅशियम जायला वाट नसते. नसा मोकळ्या करण्याच्या नावाखाली शहरात दिली जाणारी ईडीटीएची सलाईन त्याहून धोक्याची आहे. ते औषध कॅल्शियम पकडते खरे, पण रक्तातले, आणि ते एकदम खाली गेले तर हृदय बंद पडू शकते.

काही गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण एक्स-रे पाहिल्यावर सांगणे भाग आहे. नानांच्या पायांचे रक्त तपासायला कोणी घोट्यावर पट्टा बांधून हाताच्या दाबाशी तुलना केली आणि आकडा 1.4 च्या वर आला, तर पाय उत्तम आहेत असे समजू नका. कडक नळी पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा खोटा वर येतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. त्यांनी केळीच्या बागेत अनवाणी जाऊ नये आणि रात्री कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. मांडीवर किंवा पोटावर अतिशय दुखणारा निळा-काळा चट्टा आला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि पुढे प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर आत्ताच ओटीपोटाचा साधा सीटी स्कॅन करून घ्या, कारण नवे मूत्रपिंड ज्या धमनीला जोडायचे तिच्यात टाका घेण्याइतकी मऊ जागा शिल्लक आहे का, हे सर्जनला आधी पाहावे लागते. यशस्वी प्रत्यारोपणाने चुना वाढण्याचा वेग मंदावतो. असलेला चुना बहुधा तसाच राहतो.

शेवटचा प्रश्न केळ्याचा, नानांनी ते खावे की नाही. केळ्याने धमनीत चुना होत नाही. त्यात फॉस्फरस फार थोडा असतो. त्यातले पोटॅशियम डायलिसिसवरच्या माणसाला नडते. नानांचे पोटॅशियम डायलिसिसपूर्वी 5.9 आहे, तेव्हा सध्या नाही. रस थांबवून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. ते 5 च्या आसपास आले तर डायलिसिसच्या दिवशी सकाळी अर्धे केळे खायला माझी हरकत नाही.